यंत्र स्वतःशीच खेळतं तेव्हा

"रोबो आले, आता आपलं काय?" भोसरी असो की चाकण, शिफ्ट सुटल्यावर ही चर्चा हमखास निघते. मला या प्रश्नावर बुद्धिबळाचा इतिहास उपयोगी वाटतो.

मे १९९७ मध्ये आयबीएमच्या डीप ब्लूने जगज्जेत्या कास्पारोव्हला सहा डावांच्या सामन्यात हरवलं. पण त्या यंत्राला खेळातली जाण माणसांनीच भरवली होती. त्यासाठी ग्रँडमास्टर मदतीला बसले होते.

डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंडचं अल्फाझीरो आलं. त्याला फक्त नियम सांगितले. ना पुस्तकं, ना उस्तादांचे डाव. ते स्वतःशीच खेळत बसलं. आधी वाट्टेल त्या चाली, मग प्रत्येक हार-जितीतून सुधारणा. नऊ तासांत सुमारे ४ कोटी ४० लाख डाव! चार तासांतच त्याने स्टॉकफिश या तेव्हाच्या बलाढ्य प्रोग्रामला मागे टाकलं. पुढे दोघांच्या हजार डावांत अल्फाझीरोने १५५ जिंकले, ६ हरले, बाकीचे बरोबरीत सुटले.

आता खरी गंमत. २०२० मध्ये माजी जगज्जेता क्रामनिकला सोबत घेऊन डीपमाइंडने पाहिलं, तर चालीला एक मिनिट दिल्यावर यंत्राचे स्वतःविरुद्धचे जवळपास ९८ टक्के डाव बरोबरीत सुटत होते. मग कॅसलिंग बंद करण्यासारखे वेगळे नियम लावून पाहिले. ते नियम सुचवले माणसांनी.

आणि माणसांचा खेळ संपला का? जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा सगळा महाराष्ट्र नाचला. आजचे खेळाडू यंत्रावरच सराव करतात, पण पटावर बसतात स्वतः.

मात्र एक फरक विसरू नका. पटावर जिंकणं म्हणजे काय, ते आधीच ठरलेलं असतं. म्हणून यंत्र एकटं शिकू शकलं. कारखान्यात जिंकणं म्हणजे काय? जास्त नग? कमी माणसं? की शाबूत बोटं? प्रेसवर रोबो बसला आणि पोरांची बोटं वाचली, तर मला आनंदच आहे. पण त्याच पोराला दुसऱ्या दिवशी गेटवरून परत पाठवलं, तर ती जीत कुणाची?

हे यंत्र ठरवत नाही. म्हणून रोबो येण्याआधी, कोणाला कुठलं काम आणि कुठलं प्रशिक्षण मिळणार, हे वेतनकरारात लिहून घ्या. कंत्राटी पोरांसकट. डाव सुरू झाल्यावर नियम बदलता येत नाहीत.

तुमच्या कंपनीत यावर बोलणं झालंय का? कमेंटमध्ये सांगा.