अहमदनगर जिल्ह्यातील गोचीडनियंत्रण : कुरण, तबेला आणि गोठा

गोचीड हा दख्खनच्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेला जीव होय. तथापि त्याच्या नियंत्रणाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे प्रारंभीच एक अडचण उभी राहते. गोचिडामुळे रोग पसरतो, ही गोष्टच मुळी १८९३ पूर्वी शास्त्राने सिद्ध केलेली नव्हती. त्या वर्षी अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनी गुरांच्या टेक्सास तापाचा प्रसार गोचिडांमार्फत होतो, असे प्रयोगांती दाखवून दिले. रॉसचे हिवताप व डास यांविषयीचे संशोधन त्यानंतर चार वर्षांनी झाले. तेव्हा त्यापूर्वीच्या कागदपत्रांत गुरे ‘तापाने’ मेली किंवा ती ‘तांबडे मुतत’ होती असा उल्लेख आढळला, तरी त्यावरून आजचे रोगनिदान मागे नेऊन चिकटवणे इतिहासाच्या दृष्टीने धोक्याचे ठरते. जुन्या काळाविषयी खात्रीने बोलता येते ते रोगासंबंधी नव्हे, तर पशुपालनाच्या रीतीसंबंधी.

ही रीत जिल्ह्यात सर्वत्र सारखी नव्हती. पश्चिमेस अकोले तालुक्यात, हरिश्चंद्रगड व कळसूबाईच्या परिसरात, पाऊस मुसळधार; तेथील डांगी गुरांच्या कातडीतून तेलकट द्राव पाझरतो व तो त्यांस पावसाळ्यात टिकवून धरतो. पूर्वेस व दक्षिणेस पाथर्डी, जामखेड, कर्जत हा अवर्षणाचा मुलूख. तेथे खिलार बैल आणि धनगरांचे फिरते कळप. उपाय मात्र बहुतेक ठिकाणी सारखेच असत. गोचीड हाताने वेचून निखाऱ्यावर टाकावेत, अंगाला करंजाचे वा कडुनिंबाचे तेल चोळावे, तंबाखूचे पाणी लावावे. गायबगळे आणि साळुंक्या आपला वाटा उचलीत. गोठ्यात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्याही या कामी उपयोगी पडत. कळप हलता असला म्हणजे सोडलेल्या कुरणातील गोचिडांच्या पिल्लांची उपासमार होते, हाही लाभच होता. मात्र धनगरांची भटकंती त्याच हेतूने होती असे मानण्याचा मोह टाळावा. ते चाऱ्यापाण्यासाठी फिरत होते.

या साऱ्या उपायांनी गोचीड संपला नाही, आणि संपण्याची गरजही नव्हती. वासराला लहानपणीच गोचीड डसे, सौम्य संसर्ग होई आणि त्यातून जगलेले जनावर पुढे त्या रोगास सहसा बळी पडत नसे. रोगाचा हा अभाव नव्हे. रोगाशी झालेला समझोता होता. देशी गाय दूध कमी देते हे खरे, पण या समझोत्याची किंमत त्या कमी दुधात मोजली गेली होती, हे पुढे विसरले गेले.

घोड्यांची गोष्ट निराळी. मराठ्यांच्या घोडदळाला भीमा खोऱ्यातील भीमथडी तट्टांनी पुरवठा केला. १८०३ च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने नगरचा किल्ला घेतल्यानंतर शहराला लष्करी ठाण्याचे रूप आले, आणि ब्रिटिश अमदानीत तेथे लष्करी घोड्यांचा रिमाउंट डेपोही होता. तबेल्यातील घोड्याला रोज खरारा होई. कान, आयाळ, शेपटीचे मूळ, जांघा या गोचिडांच्या आवडत्या जागा मोतद्दाराच्या नजरेखालून रोज जात. तेलाचा वा औषधाचा कोणताही उपाय या खराऱ्याची बरोबरी करू शकला नसता. शास्त्राचे लक्षही तबेल्याकडे वळलेले होते. १८८६ मध्ये मुंबईस पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. १८८९ मध्ये पुण्यास इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली व १८९३ मध्ये ती मुक्तेश्वरला हलली. तिचे प्रमुख लिंगार्ड यांच्या पुण्यातील कामात घोड्यांच्या ‘सर्रा’ रोगाला मोठे स्थान होते. हा रोग गोचिडांनी नव्हे, तर रक्त पिणाऱ्या माश्यांनी पसरतो. पुढे घोडदळाचे यांत्रिकीकरण झाले व १९४८ मध्ये नगरला चिलखती दलाचे केंद्र आले. तबेले गेले, त्यांच्याबरोबर मोतद्दाराचे कसबही गेले. उरली ती धनगरांची तट्टे आणि मढीच्या कानिफनाथ यात्रेत विकली जाणारी गाढवे. गाढव हे घोड्यांच्या गोचीडतापाचे जंतू लक्षणे न दाखवता अंगात वागवते. पण त्याच्या मालकाच्या दारी पशुवैद्य क्वचितच पोचला.

जिल्ह्याच्या या इतिहासातील खरे वळण पाण्याने आणले. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला, आणि १९५०-५१ च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभारलेला प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना गाळप करू लागला. उसाच्या वाढ्यावर आणि घासावर बांधून पोसलेली गाय शक्य झाली. गायरान आटत गेले. १९६८ मध्ये राहुरीस कृषी विद्यापीठ स्थापन झाले. गीर, होल्स्टीन फ्रिजियन व जर्सी यांच्या संकरातून तेथे ‘फुले त्रिवेणी’ ही गाय निर्माण झाली. दुधाचा पैसा कोरडवाहू शेतकऱ्याच्याही हाती येऊ लागला.

येथे गोचिडांच्या दोन जातींतील भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. बूफिलस हा गोचीड पिल्लू असताना जनावरावर चढतो, सुमारे तीन आठवडे त्याच जनावरावर वाढतो आणि भरपेट झालेली मादी खाली पडून जमिनीत अंडी घालते. तो मुख्यतः कुरणाचा रहिवासी. हायलोमा मात्र आयुष्यात एकाहून अधिक वेळा यजमान बदलतो. मधल्या काळात तो गोठ्याच्या भिंतींच्या भेगांत, गव्हाणीच्या फटींत आणि दगडांच्या सांध्यांत दडून राहतो. थायलेरिया हा प्राणघातक ताप पसरविणारा गोचीड हाच. म्हणजे कुरण सोडून गाय गोठ्यात आली तेव्हा ती एका गोचिडापासून काहीशी दूर झाली आणि दुसऱ्याच्या घरात राहावयास गेली. शिवाय जिच्या रक्तात जुना समझोता नव्हता, अशी गाय. कर्ज काढून आणलेली संकरित गाय उन्हाळ्यात वा पावसाच्या तोंडी खांद्यापुढच्या गाठी सुजून, ताप चढून दगावली, म्हणजे कुटुंबाचा आर्थिक कणाच मोडे.

परदेशांत मोठ्या कळपांसाठी सोमलयुक्त पाण्याचे हौद बांधले गेले. दोन-चार जनावरे बाळगणाऱ्याला तो मार्ग उपयोगाचा नव्हता. भारतात त्याच्या हाती आली ती भुकटी. डी.डी.टी.चा शेतीतील वापर १९८९ मध्ये व बी.एच.सी.चा १९९७ मध्ये बंद झाला. त्यांची जागा डेल्टामेथ्रिन, अमिट्राझ व आयव्हरमेक्टिन यांनी घेतली. औषधे बदलली, चूक तीच राहिली. फवारणी गाईच्या अंगावर झाली, भिंत तशीच राहिली. खर्च वाचविण्यासाठी औषध पातळ केले गेले, आणि अपुऱ्या मात्रेतून वाचलेल्या गोचिडांची प्रजा त्या औषधाला दाद देईनाशी झाली. याचे खापर शेतकऱ्याच्या अज्ञानावर फोडणे सोपे आहे. परंतु बाटली विकणारा गावोगावी होता आणि भेगा बुजविण्यास सांगणारा नव्हता, ही वस्तुस्थिती अधिक बोलकी आहे. थायलेरियाची लस निघाली, पण ती द्रव नायट्रोजनात ठेवावी लागते. १९८० च्या दशकातील ब्युपार्व्हाक्वोन हे औषध गुणकारी, पण महाग.

दुष्काळाने या प्रश्नाला आणखी एक बाजू दिली. २०१३ व २०१९ मध्ये जिल्ह्यात चारा छावण्या उभ्या राहिल्या. देशी व संकरित, निरनिराळ्या गावांची जनावरे महिनोन्‌महिने एकमेकांना खेटून बांधली गेली. गोचिडांना यजमान बदलण्यास याहून सोयीची जागा कोणती? चारा व पाणी यांचा हिशेब छावणीत ठेवला जाई. गोचिडांचा विचार त्या हिशेबात सहजी बसणारा नव्हता.

हाताने गोचीड वेचण्याच्या जुन्या रीतीकडेही आता निराळ्या नजरेने पाहावे लागते. २०११ मध्ये गुजरातेत क्रिमियन-काँगो रक्तस्रावी तापाचे रुग्ण आढळले. त्याचा विषाणू हायलोमा गोचीड वाहतो आणि चिरडलेल्या गोचिडातून तो माणसाच्या अंगी शिरू शकतो. गोठा झाडण्याचे व गुरांचे अंग निरखण्याचे काम जिल्ह्यात बहुधा घरातील स्त्रिया करतात, हातमोज्यावाचून, नखाने.