नगारखाना

किल्ला, राजवाडा किंवा देवालय यांच्या प्रवेशद्वारावर वा त्यालगत ठरावीक वेळी वाद्ये वाजविण्यासाठी बांधलेली वास्तू. ‘नगारा’ हा शब्द अरबी ‘नक्कारा’वरून आला, तर अशा ठरावीक वेळच्या वादनास म्हणत त्या ‘नौबत’ या शब्दाचा मूळ अर्थ पाळी किंवा पहारा. अकबराच्या नक्कारखान्यातील वाद्यांचे वर्णन अबुल फज्लच्या आइन-इ-अकबरीत आढळते. मराठी मुलखात नगारा, सनई, कर्णा, शिंग व झांज ही वाद्ये प्रमुख होत (→ चौघडा, सनई). वादकांची जागा दरवाजाच्या माथ्यावर असल्याने नाद तटाच्या आत व बाहेर दोन्हीकडे पोहोचे. या नादाने प्रहर कळत. स्वारीचे आगमन व विजयवार्ताही जाहीर होई. राजचिन्ह आणि इशारा ही दोन्ही कामे एकाच वास्तूकडे असणे, हे तिचे खरे वैशिष्ट्य होय. रायगडावरील नगारखाना राजसभेचे प्रवेशद्वारच आहे. तेथील हलका आवाजही सुमारे 200 फुटांवरील सिंहासनाच्या जागी ऐकू येतो (→ रायगड). गोवळकोंड्याच्या फतेह दरवाजाजवळ वाजविलेली टाळी किल्ल्याच्या माथ्यावरील बालाहिसारपर्यंत पोहोचते; मात्र तेथे वाद्याऐवजी बांधणीच इशारा वाहून नेते. पुण्याचा शनिवारवाडा 1828 च्या आगीत जळाला. मात्र त्याच्या दिल्ली दरवाजावरील नगारखाना आजही उभा आहे (→ शनिवारवाडा).