उसर: लखनौजवळची एक न संपलेली लढाई

लखनौला आलेला फौजी सिकंदरबाग पाहिल्याशिवाय परतत नाही. १६ नोव्हेंबर १८५७ ला तिथे तुंबळ लढाई झाली होती. माझं पोस्टिंग लखनौला असताना मीही एका रविवारी ती जागा पाहायला गेलो आणि पोहोचलो एका वनस्पती उद्यानात! प्रा. कैलासनाथ कौल यांनी स्वातंत्र्यानंतर ते उभारलं. १९५३ मध्ये ते सीएसआयआरकडे गेलं. आज ती राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था आहे. या कौलांनी एक वेगळीच लढाई सुरू केली होती. आज तिच्याविषयी बोलतो.

कानपूर रस्त्यावर बंथरा नावाचं गाव आहे. तिथली जमीन उसर. उसर म्हणजे आपल्याकडची चोपण. उन्हाळ्यात तिच्यावर पांढरा थर येतो, त्याला तिकडे ‘रेह’ म्हणतात. परीट तो कपडे धुवायला नेत. १८९३ च्या व्होएलकर यांच्या अहवालातही उसर आणि रेहची चर्चा आहे, म्हणजे दुखणं जुनंच.

या जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसतो. कण विस्कटतात, माती सिमेंटसारखी आवळते, पाणी मुरत नाही, मूळ शिरत नाही. आणि मूळ नाही तिथे सेंद्रिय कर्बही नाही. झाड हवेतला कार्बन घेतं आणि पालापाचोळा व मुळं यांच्या रूपाने मातीला देतं. ही देवाणघेवाणच तिथे बंद पडलेली असते.

१९५० च्या दशकात कौलांनी बंथऱ्याची ही जमीन हाती घेतली. बांध घालून पावसाचं पाणी अडवलं, सेंद्रिय खत मातीत मिसळलं, क्षार सोसणारी झाडं लावली. आज तिथे वन आहे. त्या वनाखालच्या मातीचा सामू उतरला आणि सेंद्रिय कर्ब वाढला, हे पुढच्या संशोधकांनी मोजून दाखवलं. पण त्याला काही दशकं लागली.

शेतकऱ्याला दशकं थांबून कसं चालेल? त्याचं घर याच हंगामावर चालतं. म्हणून पुढे जिप्सम आलं. त्यातला कॅल्शियम सोडियमला हुसकावून लावतो, आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर चरातून वाहून जातो. मग आधी भात, नंतर गहू, मध्ये धैंचाचं हिरवळीचं खत. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या उत्तर प्रदेश भूमी सुधार निगमाने १९९३ पासून जागतिक बँकेच्या मदतीने हे काम मोठ्या प्रमाणावर केलं. लाभार्थ्यांत सरकारी पट्ट्याने उसर मिळालेले भूमिहीनही होते. कागदावर ते मालक झाले होते, पण शेतात दाणा पिकत नव्हता.

फौजेत आम्ही एक गोष्ट शिकतो: ठाणं जिंकणं एक, राखणं दुसरं. सुधारलेली उसर पुन्हा उसर होऊ शकते. चर बुजले, कालव्याच्या पाझराने भूजल वर आलं, की सोडियम परत येतो. शारदा सहायक कालव्याच्या काठाने हा धडा मिळालेला आहे. पराली जाळली, खत देणं थांबवलं, की कमावलेला कर्ब पुन्हा हवेत जातो. एक किलो कर्ब म्हणजे सुमारे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड. मातीत साठवलेला कर्ब म्हणजे कायमची ठेव नव्हे. ती रोज राखावी लागते. कार्बन क्रेडिटचे पैसे हातात घेण्याआधी प्रत्येकाने हे समजून घ्यावं.

आता आपल्या घरचं. माझं गाव कृष्णाकाठचं. उसाला पाणी जेवढं जास्त तेवढं चांगलं, असं आम्ही मानत आलो. निचऱ्याचा विचार कोणीच केला नाही, मीही नाही. वडिलांच्या शेताचा खालचा तुकडा पांढरा पडला तेव्हा डोळे उघडले. देशात सुमारे ६७ लाख हेक्टर जमीन क्षारग्रस्त आहे. त्यातली ६ लाखांवर महाराष्ट्रात. उत्तर प्रदेशातली बरीचशी उसर निसर्गाने दिलेली. आपली मात्र पुष्कळशी आपणच पाणी पाजून तयार केली.

आम्ही आता त्या तुकड्यात चर काढले आहेत, पाचट जाळणं बंद केलं आहे. दोन वर्षं धैंचा घेतला. अजून ऊस धरत नाही. पण गेल्या पावसात तिथे पाणी तुंबून राहिलं नाही, मुरलं. सुरुवात झाली, एवढंच म्हणतो.

तुमच्या शिवारात असा पांढरा तुकडा असेल तर आधी माती तपासा, मग निचरा पाहा, आणि त्यानंतरच खर्च करा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.