वाघिणी, यार्ड आणि दौंड जंक्शन

बारामतीत बसून मालगाडीच्या यार्डाबद्दल बोलायचं तर आधी दौंडला जावं लागतं. १९१४ साली दौंड-बारामती नॅरोगेज सुरू झाली. तिच्या दोन रुळांतलं अंतर अडीच फूट, दौंडच्या मोठ्या लाइनीचं साडेपाच. त्यामुळे इथून गूळ जावो की धान्य, दौंडला उतरवून हमालांनी मोठ्या वाघिणीत चढवायचं. (वाघीण म्हणजे वॅगन. इंग्रजी शब्दाला आपण असं माणसाळवलं.)

पण वाघीण भरली म्हणजे माल निघाला, असं नव्हे. एक वाघीण नागपूरची, शेजारची मद्रासची. एकटीला इंजिन कोण देणार? मग एका वाटेच्या वाघिणी गोळा करून गाडी बांधायची, त्यासाठी मार्शलिंग यार्ड. गाडी आली की कारकून कडेनं चालत नंबर आणि लेबलं टिपून घ्यायचा. त्या यादीवरून कुठली वाघीण कुठल्या लाइनीत हे ठरायचं आणि पॉइंट्समन कपलिंग सोडायचा. मोठ्या यार्डात हंप असे, म्हणजे मातीचा उंचवटा. इंजिन मागून ढकलणार, माथ्यावर सुटलेली वाघीण उतारानं घरंगळत पॉइंट वळवलेल्या लाइनीत शिरणार. स्फोटकांची वाघीण मात्र अशी सोडायची नाही!

१९६२पासून डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनं आली, २६०० अश्वशक्तीची. वाटेत कोळसा-पाणी नको, गाडी लांब. शंटिंगलाही पुढे डिझेल आलं. पण वेळ वाचला तो धावण्यातला, यार्डातला नाही. एकदा भरलेली वाघीण पुन्हा भरायला मिळेपर्यंत १९८०-८१मध्ये सरासरी सुमारे १५ दिवस जात, आणि त्यातला बराचसा काळ ती नुसती उभीच.

त्याच सुमारास रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष एम. एस. गुजराल यांनी धोरण फिरवलं: यार्डच टाळा. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी अख्खा रेक न्या. २०००-०१पर्यंत ते १५ दिवस साडेसातवर आले. रेल्वेचा हिशेब चोख होता, माझी त्याबद्दल तक्रार नाही. कोळसा, सिमेंट, खत यांना तो मानवला. पण एकच वाघीण भरणारा व्यापारी? तो ट्रककडे वळला. बारामती एमआयडीसीची वाढही पुढे ट्रकच्याच भरवशावर झाली.

आता बारामतीची लाइन ब्रॉडगेज आहे, दौंडची ती हमाली उरली नाही. वाघीण थेट इथवर येऊ शकते. एकटी मात्र येत नाही, रेकनंच येते.