विमानतळांमधले अंतर कोणी मोजले?

जालना जिल्ह्यातल्या एका शाळेत बोलायला गेलो होतो. मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे 12,500 किलोमीटर आहे, असे सांगताच सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, ते मोजले कोणी? समुद्रावर टेप कशी धरली?"

प्रश्न अगदी रास्त होता. हे अंतर टेपने मोजलेले नाही, गणिताने काढलेले आहे. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश ठाऊक असले, की पृथ्वीच्या केंद्राशी त्यांच्यात होणारा कोन त्रिकोणमितीने काढता येतो. इथे तो सुमारे 112.7 अंश येतो. पण एका अंशाचे किलोमीटर किती? त्यासाठी पृथ्वीचे आकारमान हवे, आणि ते जमिनीवरच मोजावे लागते.

ते मोजणारी माणसे आपल्या शेजारून गेली. 1802 साली विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ सुमारे 12 किलोमीटरची पायारेषा पोलादी साखळीने मोजली. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन कळले की उरलेल्या बाजू काढता येतात. असे त्रिकोणाला त्रिकोण जोडत, अर्ध्या टनाचा थिओडोलाइट टेकड्यांवर चढवत, हे काम 78 अंश रेखावृत्ताच्या आसपास उत्तरेकडे सरकले. ही रेषा जालन्याच्या पूर्वेला सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. ताऱ्यांवरून अक्षांश काढायचे, त्रिकोणांवरून लांबी. दोन्हींवरून एका अंशाची लांबी मिळे. हिवतापाने कित्येक खलाशी दगावले. त्यांची नावे इतिहासात नाहीत. लॅम्बटन 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटला वारला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने हे काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. 1830 साली त्याने काढलेली विषुववृत्तीय त्रिज्या 6,377 किलोमीटर होती. आज आपण 6,378 मानतो. चूक एक किलोमीटरहून कमी!

तरीही एक अडचण होती. एव्हरेस्टची पृथ्वी भारताच्या भूमीला जुळणारी होती, तर इतर देशांनी आपापली पृथ्वी मानली होती. त्यामुळे एकाच जागेचे अक्षांश-रेखांश दोन पद्धतींत वेगळे येत. आपल्या भागात हा फरक शंभर-दीडशे मीटर भरतो. मोठ्या धावपट्टीची रुंदी साधारण 45 मीटर असते, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे गांभीर्य कळेल. म्हणून 1 जानेवारी 1998 पासून आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीसाठी डब्ल्यूजीएस-84 ही एकच सामाईक पद्धत ठरली.

वर्गात पृथ्वीगोल असेल तर मुंबई आणि न्यूयॉर्कमध्ये दोरा ताणून धरा. तो अरबस्तानावरून न जाता रशिया, नॉर्वे, आइसलंड असा वर चढून ग्रीनलंडच्या टोकाजवळून उतरेल. 30 सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर दोरा साडेएकोणतीस सेंटिमीटर भरेल. गोलाचा परीघ म्हणजे 40,000 किलोमीटर, असे धरून मुलांना त्रैराशिक मांडू द्या.

त्या मुलीला मी एवढेच सांगितले: साखळी समुद्रावर धरावी लागली नाही, कारण ती आधी कोणीतरी आपल्या मातीवर काटेकोरपणे धरली होती.