मंतिक, नवाब आणि फुफीचा हिस्सा

राजापेठेतल्या माझ्या घरी फळीवर दोन पुस्तके शेजारी उभी आहेत. एक 'लॉजिक अँड नॉलेज', म्हणजे बर्ट्रांड रसेलचे तर्क आणि भाषा यांवरचे निबंध. रॉबर्ट मार्श यांनी ते १९५६ साली एकत्र छापले. दुसरे दि. य. देशपांडे यांचे 'युक्तिवादाची उपकरणे'. पहिले कळेना म्हणून दुसरे आणले, हे कबूल करतो. बी.एड. झालो तरी माझे तर्कशास्त्र 'सॉक्रेटिस मर्त्य आहे' याच्या पुढे सरकले नव्हते.

देशपांडे (१९१७–२००५) आमच्याच अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवायचे. पुढे १९९० मध्ये त्यांनी नागपुरातून 'आजचा सुधारक' हे मासिक सुरू केले. नाव आगरकरांच्या 'सुधारक'वरून. (आगरकर मॅट्रिक झाले ते अकोल्यातून, वऱ्हाडाने हे विसरू नये.) देशपांडे निरीश्वरवादी आणि मी नमाजी माणूस. तरी त्यांच्याकडून एक सवय घेतली: वाक्य खरे की खोटे हे नंतर, आधी ते नेमके काय म्हणते ते बघायचे.

रसेलने १९०५ साली एक उदाहरण घेतले: 'फ्रान्सचा सध्याचा राजा टकला आहे.' वर्गात मी अचलपूरचा नवाब घेतो. 'अचलपूरचा सध्याचा नवाब टकला आहे, खरे की खोटे?' पोरे हसतात. 'सर, नवाबच कुठे आहे?' रसेलचे उत्तर जवळपास हेच आहे. त्या एका वाक्यात तीन दावे दडलेत: नवाब आहे, तो एकच आहे आणि तो टकला आहे. पहिलाच कोसळला की पुढे डोक्यावरच्या केसांची चर्चा कशाला?

हे आपल्याला परके वाटायचे कारण नाही. तर्काला आपण मंतिक म्हणतो आणि हा शब्द 'नुत्क'चा, म्हणजे बोलण्याचा भाऊ. दहाव्या शतकात बगदादेत वजीर इब्न अल-फुरातसमोर व्याकरणकार अबू सईद सीराफी आणि तर्कशास्त्री अबू बिश्र मत्ता यांची जुंपली. सीराफींचे म्हणणे, मंतिक हे ग्रीकांनी ग्रीक भाषेतून काढलेले; अरबाला, तुर्काला, हिंदीला त्याची काय गरज? मत्ता म्हणाले, चार आणि चार आठ हे सगळ्यांना सारखेच. पुढे इमाम गजालींनी 'अल-मुस्तस्फा' हा उसूल-ए-फिक्हचा ग्रंथ मंतिकनेच सुरू केला. दर्स-ए-निजामीतही मंतिकला मोठी जागा होती. आज आपल्या मोहल्ल्यात कोणी प्रश्न विचारला तर 'मंतिक मत बघार' म्हणून गप्प करतात.

एकदा स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, "ही सगळी माणसं अशीच. तुम्ही वेगळे, सर." त्यांनी ते कौतुकानेच म्हटले. पण मी वेगळा असेन तर 'सगळी' खोटे. आणि त्यांच्या ओळखीचा मी एकटाच असेन, तर 'सगळी' आले कुठून?

हे सांगून मी खूश होतो. मग घरचे वाक्य आठवले. दादांच्या घरात फुफीचा हिस्सा होता. सूरह निसाने मुलीचा वाटा ठरवून दिलाय, मुलाच्या निम्मा. त्यावर वाद नाही. आमच्याकडे तीस वर्षे एकच वाक्य चालले: 'फुफीने माफ केला.' सगळे ते अभिमानाने सांगत, मीही सांगितले. हे वाक्य नवाबाचेच निघाले. माफ केला म्हणजे आधी तिच्यासमोर हिस्सा ठेवला होता, तो तिचा आहे असे सांगितले होते, आणि तिने तोंडाने नको म्हटले होते. न मागणे वेगळे, सोडून देणे वेगळे.

गेल्या ईदला फुफीला विचारले. ती शीरखुर्म्याची वाटी ठेवत म्हणाली, "मेरेकू पूछा किसने, बाबा?"

ते वाक्य मी अब्बांना जसेच्या तसे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. घराचे कागद अजून पेटीतच आहेत.