हिवाळ्याची पारडी



दिवाळी होऊन महिना लोटला तरी थंडी नाही, आणि मग ऐन हुरड्यात आभाळ भरून आलं, असा हिवाळा आपल्या बीड जिल्ह्यात कुणी पाहिला नाही? शाळूवर चिकटा, हरभऱ्यावर घाटेअळी. मग पारावर प्रश्न निघतो, हे आधी कळत कसं नाही?

प्रश्न जुना आहे. १८९९ साली हवामान खात्याने पाऊस चांगला होईल असे सांगितले, आणि पडला भयंकर दुष्काळ. पुढे १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती खात्याचे प्रमुख झाले. हवामानशास्त्र त्यांनी शिकलेले नव्हते. त्यांनी देशोदेशींचे हवेच्या दाबाचे, पावसाचे, थंडीचे आकडे गोळा केले आणि कारकुनांकडून वर्षानुवर्षे हिशेब करून घेतला. त्यात त्यांना तराजूची पारडी दिसली. उत्तरेत आइसलँडकडे दाब उतरला की दक्षिणेत अझोर बेटांकडे चढतो. हे पारडं हिवाळ्यात जास्त हलतं. दुसरी जोडी प्रशांत आणि हिंदी महासागरांची. एल निनो याच जोडीशी बांधलेला आहे, आणि १९७२ च्या दुष्काळातही तो होता.

इतक्या लांबच्या दाबाचा आपल्याशी काय संबंध? भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात काश्मीर-पंजाबवरून जातात. त्यांचा जोर काही अंशी या पारड्यांवर ठरतो. ते गेले की उत्तरेचा गार वारा इकडे उतरतो, आणि समुद्राकडची दमट हवा त्यात मिसळली तर आभाळ येतं. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात गारपीट झाली, तेव्हा काढणीची ज्वारी रानातच आडवी झाली.

पण पारडं मोजता आलं म्हणून पुढचं सांगता येतंच असं नाही. आइसलँडचं पारडं १९६० नंतरची बरीच वर्षे एका बाजूला राहिलं, १९९० च्या सुमारास दुसऱ्या बाजूला, आणि २००९-१० च्या हिवाळ्यात एकदम उलटलं. एल निनोची चाहूल काही महिने आधी लागते, कारण समुद्र सावकाश तापतो नि सावकाश निवतो. हवा तशी नाही. वॉकर यांची बरीच सूत्रंही पुढे ढिली पडली. त्यांच्या काळचे आकडे खरे होते, काळ बदलला.

म्हणून "यंदा थंडी कडक" असं कुणी दसऱ्यालाच छातीठोक सांगितलं, तर त्या भरवशावर सगळं रान हरभऱ्याखाली घालू नका. जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज मात्र रोज ऐका. गारांचा इशारा असेल तर पिकलेली कणसं आधी खुडून झाकून ठेवा. कडबा मागाहून काढता येतो.